गोळीवाली

दुसऱ्यांचे दात करण्यात तिची वीस-बावीस वर्षं गेली होती. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथे खिडकीला लागून तिचं बाक. पेशंटच्या तोंडाचा ठसा आला की त्यात पिवळं प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की त्या जबड्यावर मेणाची हिरडी चढवायची आणि गरम सुरीने एकेक दात तिच्यात रोवायचा. केसभर इकडेतिकडे झालं तर कवळी टोचणार, म्हातारं माणूस ती काढून पेल्यात ठेवणार आणि पुन्हा हिरड्यांनीच चावत बसणार. तिच्या हातची कवळी सहसा परत येत नसे. दवाखाना जिचा होता ती डॉक्टरीणबाई म्हणायची, "तुझ्या बोटांना डोळे आहेत गं." आणि ती हसून म्हणायची, "अख्ख्या गावाच्या तोंडी लागते मी, पण भांडण म्हणून कुणाशी नाही."

सगळे तिला बाईच म्हणत.

नेमबाजीशी तिचा संबंध आला तो मुलीमुळे. मुलगी बारा वर्षांची असताना शाळेत कुणीतरी म्हणालं, पोरीची नजर चांगली आहे, क्लबात घाला. क्लब म्हणजे क्रीडासंकुलाच्या तळघरातला एक लांबट हॉल. एका टोकाला नेमबाजांनी उभं राहायचं, दहा मीटरवर पुठ्ठ्याची चौकोनी कार्डं. मुलगी तीन महिने गेली आणि कंटाळली. "एका जागी उभं राहायचं आणि श्वाससुद्धा विचारून घ्यायचा, असला कसला खेळ!" म्हणाली. नाव काढून टाकायला बाई एकटीच गेली. ते तीन महिने भिंतीकडेच्या बाकावर बसून तिने सगळं पाहिलं होतं, हे कोचसरांच्या लक्षात होतं.

"तुम्ही धरून बघता का एकदा?" सर म्हणाले.

तिने धरलं. किलोभर वजनाचं हवेवर चालणारं पिस्तूल, एकाच हातात, हात सरळ. सर बाजूला उभे राहून तिच्या मनगटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चाप ओढू नका. बोटाला नुसतं जड होऊ द्या. सुटायचा तेव्हा छर्रा आपोआप सुटेल."

सुटला. काळ्या गोलाच्या आत, कडेला, एक बारीक भोक पडलं. घरी येताना ते कार्ड तिने पर्समध्ये ठेवलं होतं. तिने बनवलेली प्रत्येक वस्तू आजवर दुसऱ्याच्या तोंडात गेली होती. हे भोक तेवढं तिचं स्वतःचं होतं. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती.

पुढची नऊ वर्षं आठवड्यातून चार संध्याकाळी ती तळघरात उतरत असे. घरी सरावासाठी तिने एक अवजार तयार केलं. ठसा घ्यायच्या लगद्यात स्वतःचाच तळवा दाबला, त्यावरून कवळीच्या गुलाबी मसाल्याची मूठ ओतली. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा होता. त्याने कामावरून एक लोखंडी पट्टी आणली आणि पिस्तुलाएवढं वजन भरेल अशी त्या मुठीत ठोकून दिली. पुढे एक माशी बसवली, मागे खाच. माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा तो छोटा उंचवटा, नेम धरताना तो खाचेच्या बरोबर मधोमध दिसावा लागतो. स्वयंपाक आटोपला की ती कोऱ्या भिंतीसमोर उभी राहून ती पट्टी उचले. भिंतीवर काहीच नाही, बघायची ती फक्त माशी. एक मिनिट धर, खाली घे. पुन्हा धर.

"भिंतीचा जीव घेणार तू एक दिवस," नवरा म्हणायचा.

"तुमचा नाही घेत, हे नशीब समजा," ती म्हणायची.

ती चांगली तयार झाली, पण एका उंबरठ्याशी अडली. सामन्यात साठ फैरी असतात आणि प्रत्येकीला जास्तीत जास्त दहा गुण. तिची गाडी साडेपाचशेच्या आसपास येऊन रुतत असे. पहिल्या चाळीस फैरी झकास जायच्या. मग छातीत काहीतरी धडधडू लागे आणि माशी नाचायची. कधी एकदम जोराचा हिसका, मग दोन क्षण काहीच नाही, मग पुन्हा तीन-चार हिसके. शर्टाच्या गुंडीएवढा तो मधला दहाचा गोल, त्यावरून माशी अशी उड्या मारी की बोट चापावर जडच होत नसे.

"बाई, नेम हातात नसतो, मनात असतो," सर म्हणायचे. "तुम्ही घाबरता. मन आवरा."

तिने मन आवरायचा प्रयत्न केला. चहा सोडला. डोळे मिटून श्वास मोजत बसली. रात्री झोपण्याआधी साठच्या साठ फैरी मनातल्या मनात मारल्या. आणि तरी माशी नाचली की स्वतःला शिव्या दिल्या: एवढी घोडी झालीस आणि एका पुठ्ठ्याला घाबरतेस? हे मनाचं दुखणं नसेल, असं ना सरांच्या डोक्यात आलं, ना तिच्या.

शेहेचाळिसाव्या वर्षी एका सकाळी बाकावर बसल्या बसल्या तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. गरम सुरी मांडीवर पडली. डॉक्टरीणबाईने तिला गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीला तारा लावून दोन दिवस ठेवलं, तेव्हा कळलं की तिच्या हृदयाचे ठोके मधूनच उधळतात, खुंटा उपटून जनावर पळावं तसे. हे आजचं नव्हतं, बरीच वर्षं चालू असावं, असं हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं पडलं. त्यांनी एक पांढरी गोळी लिहून दिली, सकाळ-संध्याकाळ.

"ही आता जन्माची सोबत," ते म्हणाले. "मनाने बंद करायची नाही. बरं वाटलं म्हणून तर मुळीच नाही."

घरी सगळ्यांना कळलं. क्लबात तिने अवाक्षर काढलं नाही. हृदयाचं नाव घेतलं तर सर उभं करणार नाहीत, ही भीती होती.

तीन आठवड्यांनी तिने पिस्तूल उचललं आणि माशी जागच्या जागी उभी राहिली. कुणीतरी खिळा ठोकावा तशी. पन्नासावी फैर गेली, पंचावन्नावी गेली, छातीत चिडीचूप. त्या दिवशी तिने पाचशे एकसष्ट मारले. पुढच्या महिन्यात सहासष्ट. सर कार्ड हातात धरून बाकीच्यांना म्हणाले, "बघा रे, नऊ वर्षं घासली बाईंनी स्वतःला. याला सराव म्हणतात." तिचे कान तापले. एकदा मनात पाल चुकचुकली, ही गोळीची तर करामत नसेल? पण ती पाल तिने हाकलून दिली. नऊ वर्षांच्या कष्टांचं श्रेय एवढ्याशा गोळीला द्यायला कुणाचं मन धजावेल?

त्या वर्षी मोठ्या स्पर्धेत तिने पाचशे एकाहत्तर मारले आणि दुसरी आली. तिच्या निम्म्या वयाच्या पोरी मागे होत्या. पदक गळ्यात पडलं तेव्हा नवरा मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवत होता. एकटाच, आणि सगळ्यांच्या टाळ्या संपल्यावरही.

पहिल्या तिघींना लघवीचा नमुना द्यावा लागला. सोबत एक कागद होता: सध्या कोणती औषधं घेता? तिने गोळीचं नाव लिहिलं, किती वजनाची तेही लिहिलं, खाली सुवाच्य सही केली. लपवण्यासारखं काही आहे हे ठाऊकच नव्हतं, तर लपवणार काय?

दीड महिन्याने पत्र आलं. ते तिने दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून दोनदा वाचलं. ही गोळी ठोके संथ करते, हाताचा कंप घालवते. म्हणून नेमबाजीत तिला मनाई आहे. तीन माणसांसमोर हजर व्हा.

ती हजर झाली.

"गोळी कशासाठी घेत होता?" मधल्या गृहस्थांनी विचारलं.

"डॉक्टरांनी दिली म्हणून."

"या खेळात ती चालत नाही हे माहीत नव्हतं?"

"नाही."

"नऊ वर्षं खेळताय. यादी एकदाही वाचली नाहीत?"

तिने विचारलं, "आजारी माणसाला परवानगी मिळते का?" ते म्हणाले, अर्ज करता येतो, पण या खेळात या गोळीला मिळेल असं समजून चालू नका. निकाल रद्द झाला. वर्षभर बंदी लागली. त्या वर्षात क्लबाची पायरीसुद्धा उतरायची नाही. पदक तिने स्वतःच्या हाताने पाकिटात घालून परत पाठवलं.

क्लबातलं सामान आणायला तेवढी एकदा गेली तेव्हा हॉलमधली बोलणी थांबली. ती जिन्यात पोहोचली तशी मागून कुणीतरी म्हणालं, "आपण बापडे छर्रे मारतो. ही गोळीवाली." हसणं ऐकू आलं. ते नाव मग चिकटलंच.

सर तिच्यामागे जिन्यापर्यंत आले होते. "मला सांगायचं तरी, बाई," ते म्हणाले. "मी तुमचं कार्ड पोरांना दाखवत फिरलो. आता पोरं माझ्याकडे बघून हसतात."

"मला माहीत नव्हतं, सर."

"आजाराचं तर माहीत होतं ना?"

ती मान खाली घालून वर निघून आली.

लोकांचं हसणं तिने गिळलं असतं. तिला पोखरत होती ती दुसरीच गोष्ट. ते पाचशे एकाहत्तर कुणाचे? तिचे, की गोळीचे? मेणात दात बसवताना, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना तोच भुंगा. आणि एक दिवस तिने ठरवलं की याचा निकाल लावायचा. बंदी उठली की स्पर्धेत उतरायचं, अंगात गोळीचा कणही नसताना. मग दिसेलच.

गोळ्यांची पाकिटं ती कामावर न्यायची, घरी सांगायची की तिथेच घेते. सकाळी बाकावर बसली की एक आणि निघताना दुसरी गोळी काढायची आणि वाडग्यात उरलेल्या ओल्या प्लास्टरमध्ये अंगठ्याने दाबून टाकायची. दहा मिनिटांत त्याचा दगड व्हायचा. तो दगड कचऱ्यात जायचा.

आठवडाभरातच छातीतलं जनावर परत आलं, आणि आधीपेक्षा माजलेलं. ती रोज संध्याकाळी भिंतीसमोर लोखंडी पट्टी घेऊन उभी राही. हिसक्यांमधली जागा शोधायला शिकली. दोन ठोक्यांच्या मधे एक फट असते, तेवढ्यात बोट जड करायचं. पण ठोके बेताल असले की फट कुठे पडेल याचा भरवसा नसतो. ती वाट बघत हात ताणून उभी राही, घाम कपाळावरून डोळ्यात उतरे. पाय सुजू लागले. चप्पल घट्ट व्हायला लागली, तेव्हा तिने एक नंबर मोठी घेतली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

सात महिने असे गेले. एक दिवस डॉक्टरीणबाई मागच्या खोलीत आली आणि तिचा पाय कचऱ्याच्या टोपलीला लागला. प्लास्टरचा एक गोळा फरशीवर पडून दुभंगला. पिवळ्या प्लास्टरच्या पोटात एक पांढरी गोल चकती होती. तिने दुसरा गोळा फोडला. त्यातही होती.

"हे काय आहे?"

डॉक्टरीणबाईने फोन उचलून बाईच्या मुलीला लावला.

मुलगी आता बावीस वर्षांची होती, कुरियरच्या काउंटरवर कामाला. संध्याकाळी ती घरी आली ती गणवेशातच.

"किती दिवस?" तिने घरात पाऊल टाकताच विचारलं.

"सात महिने."

"सात महिने! आई, डॉक्टर काय म्हणाले होते ते मीच ऐकलंय, मी होते तिथे. हा काय पोरखेळ आहे?"

"पाच महिने राहिलेत फक्त. एक सामना खेळते, मग जन्मभर घेते."

"आणि मधेच काही झालं तर?"

"झालं तर झालं."

नवरा खुर्चीत बसला होता. हातातला पाना त्याने अजून खाली ठेवला नव्हता. "तुला मरायचंय का?" त्याने अगदी हळू विचारलं.

"नाही हो. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

तिला सांगता येईना. नऊ वर्षं मन आवरा, मन आवरा ऐकलं, ते तिला कधी जमलं होतं का, हे बघायचं होतं. हे असं तोंडाने म्हटलं की वेडगळ वाटतं. मुलगी रडली, ओरडली, शेवटी पेला घेऊन समोर उभी राहिली. तेव्हापासून गोळी रोज मुलीच्या हातून. बाई ती जिभेखाली धरायची, पाणी प्यायची, मुलगी गेली की मोरीत थुंकायची. दातांचं काम करणाऱ्या बाईला तोंडात काय कुठे लपतं हे कुणी शिकवायला नको. लेकीशी असं खोटं वागताना तिचा जीव तुटायचा, पण तिने ते थांबवलं नाही.

बंदी उठली. लगेच क्लबाच्याच तळघरात एक छोटी स्पर्धा होती, तिने नाव दिलं. सरांनी तिला पाहिलं, मान हलवली आणि पुढे गेले. औषधांच्या रकान्यात तिने लिहिलं: काही नाही.

पहिल्या दहा फैरी चांगल्या गेल्या, दुसऱ्या दहाही. तिसाव्या फैरीनंतर हात उचलला की छातीत पाणी हेलकावल्यासारखं होऊ लागलं. तिने पिस्तूल टेबलावर ठेवलं, थांबली, पुन्हा उचललं. माशी नाचत होती. ती घाबरली नव्हती. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं: मन तळ्यासारखं शांत होतं, एक तरंग नव्हता, आणि तरी माशी नाचत होती. म्हणजे ते मन कधीच नव्हतं. नऊ वर्षं ती ज्याला आवरत होती ते आवरलेलंच होतं. हसावं की रडावं कळेना. तिने उरलेल्या फैरी एकेक करून मारल्या, वेळ संपायला दोन मिनिटं असताना शेवटची.

पाचशे अठ्ठेचाळीस. सव्विसावी.

तळघरातून वर यायला एकवीस पायऱ्या होत्या. बाराव्या पायरीवर ती बसली ती उठली नाही. सरांनीच तिला उचलून वर आणलं.

फुप्फुसांत पाणी भरलं होतं. मोठ्या दवाखान्यात ती अठरा दिवस होती. हृदय वर्षभर उधळून उधळून थकलं होतं, पातळ झालं होतं. डॉक्टरांनी मुलीला बाजूला घेऊन सांगितलं की यातलं थोडं भरून येईल, सगळं नाही. मुलगी परत येऊन पलंगाशी बसली आणि बराच वेळ आईकडे न बघता तिच्या चादरीची सुरकुती सरळ करत राहिली.

"तू माझ्या हातून घेत होतीस ना गं?" शेवटी म्हणाली.

बाईने डोळे मिटले. त्या प्रश्नाला तिने आजतागायत उत्तर दिलेलं नाही, आणि मुलीनेही पुन्हा विचारलेलं नाही. पण त्या दोघींमध्ये जे मोडलं ते पूर्वीसारखं जुळलं नाही. मुलगी सगळं करते, औषधं, पथ्य, तपासण्या. गोळी दिली की म्हणते, "तोंड उघड." आणि आई तोंड उघडते, जीभ वर उचलून दाखवते.

सर एकदा घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी नको म्हणाले.

"मी तुम्हाला म्हणायचो, मन आवरा," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, मला कळतं."

"मलाही तसंच वाटायचं, सर."

"मला माफ करा, असं म्हणायला आलोय."

ती म्हणाली, "एक विचारू? ते पाचशे एकाहत्तर कुणाचे हो?"

सरांनी विचार केला. दिलासा द्यायचा म्हणून काहीतरी म्हणता आलं असतं. पण ते नेमबाज होते, खोटे गुण मांडायची त्यांना सवय नव्हती. "माहीत नाही, बाई," ते म्हणाले. "मला खरंच माहीत नाही."

ते गेल्यावर तिला जरा बरं वाटलं. निदान एक माणूस तरी आपल्याशी खरं बोललं, एवढंच.

आता ती सकाळी दोनच तास कामावर जाते. नव्या कवळ्या डॉक्टरीणबाई बाहेरून करून आणते. हिच्याकडे फक्त टोचणाऱ्या कवळ्या घासायचं काम. क्लबाच्या रस्त्याने ती जात नाही. संध्याकाळी नवरा तिला कोपऱ्यापर्यंत फिरवून आणतो. शंभर पावलं झाली की तिला धाप लागते, पण थांबूया असं ती म्हणत नाही. मग तोच थांबतो, "नाडी सुटली वाटतं," म्हणत वाकतो आणि बुटाशी खुटखुट करत बसतो. त्याच्या बुटांना नाडी नाही. ती त्याच्या खांद्यावर हात टेकून उभी राहते, श्वास जागेवर आला की खांदा दाबते, आणि ती दोघं पुढे निघतात.